थेंबाच्या बाजूने

कुमुद, यंदा मी तुझ्या खुर्चीत बसले. टेबलाच्या डावीकडच्या, जिचा एक पाय आखूड आहे आणि जिच्याखाली तू खडूचा तुकडा सारायचीस, त्या. तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि हिने जागा बळकावली, असं कुणी म्हणेल. तू मात्र म्हणणार नाहीस. तू म्हणशील, "शालू, बसलीस तर बसलीस, बोललीस काय ते सांग." तेच सांगायला हे लिहितेय.

लोकांनी तुझ्याबद्दल छान छान लिहिलं. कॉलेजच्या फलकावर 'प्रा. कुमुद आहेर' असा तुझा फोटो लागला. तू कुठे जन्मलीस, कुठे शिकलीस, किती वर्षं नोकरी केलीस, सगळं त्याखाली आलं. फोटो मात्र कुणाच्या तरी लग्नातला, नथ घातलेला, आणि चेहऱ्यावर भाव असा की आत्ताच कुणीतरी तुला "मॅडम, मॉडेल म्हणजे शेवटी कल्पनाच ना?" असं विचारलंय. मला हसू फुटलं. मी तोंडाला पदर लावला तर शेजारच्या बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. त्यांना वाटलं मी रडतेय. मग मला खरंच रडू आलं, म्हणून त्यांचे कष्ट वाया गेले नाहीत.

आपलं भांडण बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आधी अणुकेंद्र सांगावं लागतं. अणूच्या पोटात मधोमध प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने असतात. ते आत नेमके कसे नांदतात हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पाहताही यायचं नाही. म्हणून माणसं मॉडेल करतात. आतली व्यवस्था अमुक प्रकारची आहे असं धरून चालायचं, त्यावर गणित करायचं आणि प्रयोगात आलेल्या आकड्यांशी ते ताडून बघायचं. एक मॉडेल म्हणतं, केंद्र म्हणजे थेंब. सगळे कण एकमेकांना धरून असतात, थेंब डुलतो, ताणला जातो, फार ताणला की तुटतो. दुसरं म्हणतं, छे, आत मजले आहेत. प्रत्येक कण आपल्या मजल्यावर आपल्या वाटेने एकटा फिरतो, आणि मजला पुरा भरला की ते केंद्र विलक्षण भक्कम होतं. दोन, आठ, वीस, अठ्ठावीस, पन्नास असे ते भरण्याचे आकडे. त्यांना जादुई संख्या म्हणतात, आणि त्या शब्दावर तू कायम नाक मुरडायचीस. तू थेंबाची, मी मजल्यांची. एवढ्या भांडवलावर आपण दोघींनी उभी हयात काढली.

"दोन्ही बरोबर आहेत" असं म्हणणाऱ्यांचा आपल्याला सारखाच राग. आपल्या त्या प्राचार्यांनी एकदा आपल्याला समजुतीने हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगितली. मी गप्प बसले, कारण माझी बढती अडकली होती. तू म्हणालीस, "सर, त्या आंधळ्यांनी हत्तीला हात तरी लावला होता. दोन्ही बरोबर म्हणणारा एकही गणित करत नाही." माझी बढती आणखी लांबली. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही. आता सांगते, मला ते वाक्य बढतीपेक्षा जास्त आवडलं होतं.

त्यानंतरच आपला जोडतास सुरू झाला. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाचं हे प्रकरण शिकवून झालं की एक दिवस आपण दोघी एकदम वर्गात जायचो. फळ्यावर मधोमध उभी रेघ. डावीकडे तू, उजवीकडे मी. हातात कागद घ्यायचा नाही आणि दुसरीचं बोलणं तोडायचं नाही (हा नियम तू एकदाही पाळला नाहीस). शेवटी मात्र कबुली द्यायची. आपल्या मॉडेलला जे जमत नाही आणि समोरचीच्या मॉडेलला जमतं असं एक काहीतरी उभं राहून, वर्गासमोर मान्य करायचं. निवृत्तीनंतरही तेवढ्या एका दिवसासाठी आपण कॉलेजात जायचो. वनस्पतिशास्त्राची पोरंसुद्धा मागे येऊन बसायची. त्यांना केंद्राचं काही पडलेलं नसायचं. दोन बाया इतक्या पोटतिडकीने भांडतात आणि नंतर एकाच डब्यातून जेवतात, हे बघायला ती यायची.

तू थेंबाची का झालीस, हे मला इगतपुरीला कळलं. भास्कररावांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे तुमचा संसार तेव्हा तिथल्या क्वार्टरमध्ये होता. तू गाडीने रोज नाशिकला यायचीस आणि पावसाळाभर तुझ्या साडीला ओलसर धुराचा वास असायचा, कारण कपडे शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवावे लागायचे. एका रविवारी मी तुझ्याकडे आले. तू मला चहासुद्धा विचारला नाहीस. दंडाला धरून मागच्या पडवीत नेलंस आणि वाळत घालायच्या दोरीकडे बोट दाखवलंस. दोरीवर थेंब लोंबत होते. "हा बघ. हा आता भरतोय. आता लांबतोय. बघ, कंबर आली. आता कंबर बारीक होतेय, बघ, बघ... गेला!" मोठं केंद्र दुभंगतं ते असंच. पृष्ठभाग त्याला गोळा करून ठेवायला बघतो आणि प्रोटॉन एकमेकांना ढकलून ते ताणतात. मला हे सगळं तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण थेंबाला कंबर येते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अर्थात तुला तसं बोलले नाही. मी म्हटलं, "ते सोड. तुझ्या थेंबाला पन्नास आणि एकावन्न यातला फरक कळतो का?" तू म्हणालीस, "नाही कळत. तुझ्या मजल्यांना कपडे वाळवता येतात का?" मग भास्कररावांनी चहा केला.

तुझ्या स्वयंपाकघरातही थेंबच होता म्हणा. डाळी, मसाले, शेंगदाण्याचं कूट, सगळं हाताला येईल त्या डब्यात. माझ्या इंदिरानगरच्या घरी फडताळात बरण्या उंचीप्रमाणे लावलेल्या. तू आलीस की मुद्दाम एक बरणी हलवून ठेवायचीस आणि मी ती जागेवर ठेवेपर्यंत माझं तुझ्याकडे लक्ष नाही हे ओळखायचीस. "अर्धी शालू बरणीत आहे, उरलेलीशी बोलते," असं म्हणायचीस. मी चिडायचे. त्या बरण्या अजून ओळीने आहेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही, याचा मला आता वैताग येतो.

आणि ती अदलाबदल! एका वर्षी तूच टूम काढलीस, की यंदा बाजू बदलू. मी थेंब सांगायचा, तू मजले. मी साफ नाही म्हटलं. मग ठरलं की तू एकटीने माझी बाजू मांडायची आणि मी बसून ऐकायचं. तू दणक्यात सुरुवात केलीस. कण स्वतःभोवती फिरतो आणि केंद्रातही फिरतो. ही दोन फिरणी एका दिशेची असली तर त्याचा मजला खाली सरकतो, उलट असली तर वर. मजल्यांचा सगळा खेळ या सरकण्यावर आहे. अणूतल्या इलेक्ट्रॉनांचं याच्या बरोबर उलट असतं. आणि तू वर्षानुवर्षं दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनांचे वर्णपट शिकवत आलेली. हाताला तीच सवय. तू चिन्ह उलटं लिहिलंस.

मला ते तत्क्षणी दिसलं. मी हूं की चूं केलं नाही. हाताची घडी घालून बसले. असा आनंद आयुष्यात फार वेळा मिळत नाही. तू मजले भरत गेलीस. दोन आले, आठ आले, वीस आले, वर्ग माना डोलावत होता. मग अठ्ठावीसच्या जागी सव्वीस आले. तू क्षणभर थांबलीस, पुढे गेलीस. पन्नासच्या जागी अठ्ठेचाळीस. तू फळ्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि तुझ्या सटाण्याच्या बोलीत म्हणालीस, "हाई काय शे?" वर्ग हसून लोळला.

दुसरी कुणी असती तर डस्टर फिरवून मोकळी झाली असती. तू डस्टर बाजूला ठेवलंस. म्हणालीस, "थांबा. हे पुसायचं नाही. समजा निसर्गाने हेच चिन्ह निवडलं असतं, तर काय झालं असतं ते बघू." पन्नास प्रोटॉनवालं केंद्र म्हणजे कथील. पन्नास भक्कम आहे म्हणून कथलाचे इतके टिकाऊ प्रकार सापडतात. अठ्ठेचाळीस म्हणजे कॅडमियम. "तो मान कॅडमियमला गेला असता. मग काय? तुमच्या आज्यांनी पितळेच्या भांड्यांना कॅडमियमची कल्हई लावली असती, आणि त्यात आमटी करून आपण सगळे कधीच वर गेलो असतो. म्हणून पगारे मॅडमचं चिन्ह बरोबर आहे. पुरावा काय? आपण जिवंत आहोत."

कल्हईच्या त्या युक्तिवादात भोकंच भोकं होती आणि ती मी तुला जेवताना एकेक करून दाखवली. पण मजल्यांवरचा इतका चांगला तास मी स्वतः कधी घेतला नव्हता. त्या वर्गातल्या एकाही पोराचं ते चिन्ह पुढे चुकलं नाही. निकम त्याच वर्गातला. तो आता आपल्या विभागाचा प्रमुख आहे आणि अजूनही शिकवताना आधी चुकीचं चिन्ह लिहितो, मुद्दाम.

तुला सगळ्यात जास्त खूश मी एकदाच पाहिलं. मुलीच्या लग्नातसुद्धा तू तेवढी खूश नव्हतीस, भास्करराव साक्षीला आहेत. विद्यापीठातल्या ग्रंथालयात तुला एक शोधनिबंध हाती लागला होता. न्यूट्रॉन ठासून भरलेल्या काही हलक्या केंद्रांत वीस ही संख्या जादुई राहतच नाही. मजला भरलेला असूनही केंद्र गोल राहत नाही, लांबट होतं, थेंबासारखं ताणलेलं. तू पुण्याहून परस्पर माझ्याकडे आलीस, दारातूनच ओरडलीस, "शालू, तुझं वीस गेलं!" आणि हातात पेढ्यांचा पुडा. मी दार लावून घ्यायच्या बेतात होते. वीस हा माझा खांब होता गं. मी रात्रभर तो निबंध वाचला, सकाळी तुला फोन केला आणि म्हटलं, "गेलं नाही. मजले जागचे हलले आहेत, एवढंच. हे माझ्या मॉडेलमधूनही काढता येईल." तू म्हणालीस, "काढ. पण पेढा खाल्लास ना?" खाल्ला होता. दोन खाल्ले होते.

या सगळ्यात तुझी एक तक्रार कायम राहिली, आणि तीच तू जाताना माझ्या गळ्यात घालून गेलीस.

शेवटचं भेटलो ती दुपार. तू खिडकीपाशी पडून होतीस, उशीला टेकून, आवाज बारीक झालेला पण जीभ तशीच. म्हणालीस, "यंदा खरी कबुली दे."

"म्हणजे इतक्या वर्षांच्या खोट्या?"

"खोट्या नाहीत, स्वस्त. दरवर्षी तू उठतेस आणि म्हणतेस, केंद्र फुटतं कसं ते थेंबाने छान कळतं. ते पुस्तकातच आहे की! जे दिल्याने आपलं काहीच जात नाही, ती कसली कबुली?"

"आणि तू काय मोठी देतेस?"

"मी सांगते, माझ्या थेंबाला मोजता येत नाही. भर वर्गात सांगते. मला ते सांगताना दुखतं, शालू."

हे खरं होतं. ते वाक्य म्हणताना तुझा चेहरा पडायचा, मी बघितलंय. मी विचारलं, "मग काय कबूल करू? सांग, तेच म्हणते." तू डोळे मिटलेस. "मी सांगितलं तर ती माझी कबुली होईल. तुझी तू शोध."

मग जरा वेळाने तू विचारलंस, "मी गेल्यावर काय करशील?" इतक्या सहज, की भाजी काय करशील विचारावं तसं. मला ते आवडलं नाही. मी फटकन म्हटलं, "करायचंय काय? मी एकटीच तर राहते." त्यावर तू जी हसायला लागलीस, खोकल्याची उबळ येईपर्यंत. भास्करराव पाणी घेऊन धावत आले. त्यांना म्हणालीस, "ऐकलंत का, ही एकटी राहते! अगं, तुला एकटीला राहता यावं म्हणून आम्ही किती राबतो माहितीय का? तुझा सिलेंडर हे बदलून देतात. लोणचं तुझी वहिनी घालते. कॉम्प्युटरमधलं सगळं निकम करतो. रोज सकाळी उठलीस का, ते मी फोन करून बघते. आणि ही म्हणे एकटी!"

भास्करराव मान खाली घालून हसत होते. मला राग आला. चहा पिऊन मी निघाले, नेहमीसारखं दारात अर्धा तास उभं राहून बोलले नाही. रिक्षात बसल्यावर मनात उत्तरं जुळवत होते, पुढच्या वेळी हे म्हणायचं, ते म्हणायचं. पुढची वेळ आली नाही. याची मला खंत वाटेल असं मला वाटलं होतं. वाटत नाही. आपण भांडता भांडता उठलो, म्हणजे नेहमीसारख्याच उठलो. गोडगोड निरोप घेतला असता तर तू मला ओळखलंही नसतंस.

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी निकमचा फोन आला. आधी तब्येत विचारली, मग पाऊस, मग म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? जोडतास यंदा... मुलं विचारताहेत. राहू द्यायचा का?"

मी म्हटलं, "राहू दे." फोन ठेवला.

सकाळची तुझ्या फोनची वेळ झाली होती. तो येणार नव्हता. मी बसून राहिले. डोक्यात एकच होतं, की तास झाला नाही तर कबुलीही द्यावी लागणार नाही. सुटले. आणि सुटले असं वाटलं म्हणूनच स्वतःची लाज वाटली. तू एक गोष्ट मागितली होतीस, एकच, आणि मी ती टाळायला तुझं जाणं वापरत होते. मी निकमला उलट फोन लावला.

"तास घ्यायचा. पण मी थेंबाच्या बाजूने बोलणार. मजल्यांच्या बाजूने तू."

"मी? तुमच्यासमोर?"

"मग काय भिंतीसमोर?"

आठवडाभर मी थेंब शिकले, कुमुद. हसू नकोस. शिकवत आले होते, शिकले आत्ता. केंद्र ताणत नेताना पृष्ठभागाची ऊर्जा किती वाढते आणि प्रोटॉनांची एकमेकांना ढकलण्याची ऊर्जा किती घटते, ते सगळं गणित मी हाताने केलं. दोन्ही आकडे हळूहळू जवळ येतात, आणि मग एका जागी तराजू कलतो. किती देखणं आहे ते! तू इतकी वर्षं सांगत होतीस आणि मी बरण्या लावत होते. एका संध्याकाळी मी उत्तर जुळल्याच्या आनंदात तुला फोन करायला मोबाइल उचलला, तुझं नाव काढलं, आणि मग ठेवून दिला. त्या संध्याकाळी जेवले नाही. बाकी आठवडा मात्र मजेत गेला, खरं सांगते.

तासाच्या दिवशी वर्ग भरून वाहत होता. निकमने रेघ मारली. मी तुझ्या बाजूला बसले, खडूचा तुकडा सारून. निकम उभा राहिला आणि त्याने इतकं मिळमिळीत सुरू केलं की विचारू नकोस. "मॅडम म्हणतात तेही योग्यच आहे, फक्त मला नम्रपणे असं सुचवावंसं वाटतं..." मी टेबलावर थाप मारली. "निकम, भांड नीट! आहेर मॅडमना असला वरणभात चालत नव्हता."

मग पोरगा पेटला. पोरगा कसला, केस पिकलेत त्याचे. त्याने एकामागून एक माझीच हत्यारं काढली. आकडे माझे, उदाहरणं माझी. मी थेंबाच्या कंबरेचं सांगायला लागले तर त्याने हात झटकला आणि म्हणाला, "ते सोडा हो मॅडम. तुमच्या थेंबाला पन्नास आणि एकावन्न यातला फरक कळतो का?" तो झटका, ती मान, ते 'ते सोडा', सगळं थेट माझं. वर्ग खदखदून हसला. आणि मी तुझ्या खुर्चीत बसून ते बघत होते. समोरून मी अशी दिसते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. किती आगाऊ! आणि तू दरवर्षी त्यासमोर बसलीस, हसलीस, आणि नंतर डबा उघडलास. वर्गात बसून मला तुझं फार कौतुक वाटलं.

तरी मी लढले. तुझी इगतपुरीची दोरी सांगितली, लांबट केंद्रं सांगितली, वीस कसं गेलं तेही सांगितलं. स्वतःच्या खांबाला स्वतःच सुरुंग लावला, आणि मजा आली.

शेवटी कबुलीची वेळ झाली. निकम माझ्या जागी उभा होता, म्हणून आधी त्याने दिली. "मी कबूल करतो, की केंद्र फुटतं कसं ते थेंबाने छान कळतं." शब्दाला शब्द माझा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं, की हे किती स्वस्त आहे.

आता मला तुझ्या वतीने बोलायचं होतं. मी उठले. टेबलाला वळसा घालून रेघेच्या उजवीकडे गेले. "निकम, सरक," म्हटलं. "ती कबुली मी परत घेते. ती माझी आहे आणि ती अपुरी आहे."

मी काही पाठ करून आले नव्हते. आठवडाभर शोधूनही मला नीटसं सापडलं नव्हतं, ते तिथे उभं राहिल्यावर सापडलं.

मी म्हटलं, "अणूत मधोमध केंद्र असतं, ते इलेक्ट्रॉनांना धरून ठेवतं. केंद्राच्या आत मात्र मधे कुणीच नसतं. मग हे मजले उभे कशावर आहेत? सगळ्या कणांनी मिळून जे क्षेत्र तयार होतं, त्यावर. प्रत्येक कण एकटा फिरतो, असं मी तुमच्या या सरांना शिकवलं, त्यांच्या आधीच्या-नंतरच्या सगळ्यांना शिकवलं. तो ज्यात फिरतो ते बाकीच्यांनी उभं केलेलं असतं, हे मी सुरुवातीला एका वाक्यात उरकायचे आणि मजले मोजायला लागायचे. थेंब हे कधीच विसरला नाही. आहेर मॅडमही विसरल्या नाहीत. मी विसरले. माझं एकटं फिरणं, म्हणजे मॉडेलमधलं, बाकीच्यांच्या जिवावर आहे, हे मी कबूल करते."

निकम खिडकीबाहेर बघायला लागला. मुलं मात्र खाली मान घालून सगळं उतरवून घेत होती, परीक्षेत येईल या हिशेबाने. मला ते बरं वाटलं.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. साजिया तिचं नाव, मालेगावहून येते, तू तिला शिकवलेलं नाहीस. म्हणाली, "मॅडम, मग त्यातला एक काढून घेतला, तर ते क्षेत्र तेच राहतं की बदलतं?"

तिला बिचारीला काय माहीत. तिला भौतिकशास्त्रच विचारायचं होतं. मला तुझी इतकी आठवण आली की मी टेबल धरलं.

"बदलतं," मी म्हटलं.

"सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी. थोडं थोडं. सगळेच मजले जरा सरकतात."

"मग मजले सरकले म्हणजे क्षेत्र परत बदलणार ना? आणि मग परत मजले?" तिने भुवया आक्रसल्या. "मग हे थांबतं कुठे?"

निकम काहीतरी बोलणार होता. मी त्याला हाताने थांबवलं आणि खडू उचलला. फळा पुसून टाकला, मधली रेघसुद्धा. ऑक्सिजनचं केंद्र घेतलं, आठ प्रोटॉन, आठ न्यूट्रॉन, लहानसं, भरलेलं. त्यातला एक न्यूट्रॉन काढला आणि उरलेल्या पंधरांचं क्षेत्र मांडायला घेतलं. साजियाला सांगितलं, की हे एका दमात सुटत नाही. पहिल्या फेरीत आकडे फार हलतात, दुसरीत त्याहून कमी. फेऱ्या करत राहायच्या, मग ते हळूहळू स्थिरावतात. पहिल्यासारखे होत नाहीत, पण स्थिरावतात.

दुसरी फेरी अर्धी झाली आणि तास संपला. पुढच्या फेऱ्या मुलांना घरी करायला दिल्यात. मीही करतेय, कुमुद.